सतरा नंबरचा कागद

वादिराजमास्तर धारवाडच्या एका ट्रेनिंग कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. माणसाला सवय कशी लागते, राग का येतो, मूल खोटं का बोलतं, सगळं त्यांना ठाऊक. आमटीत मीठ नसलं तर तेवढं मात्र कळत नसे, आणि कळलं तरी ते बोलत नसत. बोलणं असं त्या घरात उरलंच नव्हतं. मुलगी सुलभा गेल्या वर्षी लग्न होऊन विजापूरला गेली आणि बघता बघता घरातले शब्दच आटले. "पान वाढ", "पत्र आलं का", "दार लावून घे", एवढ्यावर दिवस निघे.

बायकोला, हेमावतीला, त्याचं दुःख होत नव्हतं आणि तेच तिला चमत्कारिक वाटे. रडू येत नव्हतं, हसू येत नव्हतं. हातपाय आपापली कामं उरकत आणि ती कुठंतरी बाजूला बसून असे.

एकोणीसशे अडतीसच्या श्रावणात मास्तरांनी एक प्रश्नावली छापून घेतली. विषय, संसारातलं सुखसमाधान. पुण्याच्या परिषदेत त्यावर निबंध वाचायचा होता. वीस कागद त्यांनी बायकोच्या हाती दिले.

"शुक्रवारच्या हळदीकुंकवाला वाट. नाव घालायचं नाही म्हणावं, म्हणजे खरं लिहितील."

माळमड्डीच्या, म्हणजे त्यांच्याच भागातल्या, बायकांनी एकमेकींना कोपरं मारत, खिदळत एकोणीस कागद भरून दिले. विसावा उरला. तो हेमावतीनं चुलीपुढं बसून शिसपेनीनं भरला. कशाला, तर मास्तर ओळखतील म्हणून. तिचं अक्षर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सुलभेला पत्र तेच लिहीत आणि खाली "आईचे आशीर्वाद" घालत. पण उत्तरांवरून तरी ओळखतील. ओळखलं तर या घरात आपण आहोत, नाही तर नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

मास्तरांनी गठ्ठ्यावर नंबर घातले आणि रविवारी जेवताना एक कागद हातात घेऊनच बसले.

"हा सतरा नंबर ऐक. 'घरात तुमचं बोलणं कोण ऐकतं?' तर ही लिहिते, 'भाकरी थापताना मी तव्याशी बोलते.' 'शेवटचं केव्हा हसलात?' 'लेक घरी होती तेव्हा.' 'यजमान रागावतात का?' 'नाही. रागवायला माझ्याकडं बघावं लागतं.' काय उत्तर आहे! नवरा तरी कसला दगड असेल गं हिचा?"

"असेल कुणी," हेमावती म्हणाली. असं काही ऐकलं तर पोटात तुटेल, असं तिला वाटलं होतं. तुटलं नाही. तिनं ताक वाढलं.

हात धुऊन आल्यावर मास्तरांनी कागद खिडकीच्या उजेडाला धरला. "हा पुण्याला न्यायचाय, पण फार पुसट झालाय. शाईनं उतरवायला पाहिजे."

"द्या इकडं. मी उतरवते."

"तुला येतं?"

"चौथी पास आहे की."

तिनं त्यांचाच टाक घेतला, माजघरात बसून सगळं उतरवलं आणि दोन्ही कागद त्यांच्यापुढं ठेवले. मास्तर वह्या तपासल्यासारखे ओळीवर बोट ठेवून ताडून पाहू लागले. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. दुसऱ्या कागदावर गेलं, परत पहिल्यावर आलं. दोन्हीकडं तोच मोठ्या पोटाचा ब, तीच मध्येच तुटणारी शिरोरेघ.

"मला सांगायचं होतंस की गं," शेवटी ते म्हणाले. वर्गातला आवाज कुठल्या कुठं गेला होता.

आता तरी आत काही हलेल म्हणून हेमावती थांबली. काही हललं नाही. ओळखलं होतं त्यांनी, पण तेही अक्षरावरून.

"तुम्ही कुठं विचारलंत?" ती म्हणाली. "कागदानं विचारलं. मी कागदाला सांगितलं."