बोडका कळप

क्विरिनची जीप वर येताना दिसली तेव्हाच मी ओळखलं, मेला काहीतरी कुरापत घेऊन आलाय. मागे फुलांचे मुकुट रचलेले होते.

"बुर्गी, चल, गायी सजव पटापट. खाली तीन बस भरून पाहुणे थांबलेत."

"एक मेलीय, क्विरिन. सजवायच्या नाहीत."

आमच्या तिरोलमध्ये उन्हाळाभर डोंगरावर चरलेला कळप सप्टेंबरात गावात उतरतो. सगळ्या गायी धड असल्या तर डोक्यावर फुलं. एक जरी दगावली, तर सगळा कळप बोडका, आणि रस्त्यावरचे लोक मेलेलीला मान म्हणून टोप्या काढतात. हे काय क्विरिनला सांगायला हवं?

आणि मेली कुणामुळे? याच्याचमुळे! हॉटेल याचं, कुरण समितीचा अध्यक्षही हाच. पाहुण्यांना सांगतो, तळं बघा, हिमनदी बघा, कड्यावरचं चर्च बघा, आणि तिकडे जायच्या जवळच्या वाटेची पाटी ठोकली माझ्या कुरणात! जुलैत कुणाचा तरी मोकळा कुत्रा गायींच्या मागे लागला आणि लेनी कड्यावरून खाली गेली. माझ्या हातची बाटली पिऊन वाढलेली कालवड. अजून घास गोड लागत नाही मला.

"पाहुण्यांना काय कळतंय, तेरा आहेत की चौदा?"

"गावाला कळतं."

"गाव माझ्या पाहुण्यांवर जगतंय, बाई. फुलं नाहीत, तर पुढच्या वर्षी कुरणही नाही. बघ बुवा."

सव्वीस उन्हाळे गावच्या गायी चारल्या मी त्या डोंगरावर. दुसरं येतं काय मला?

"आग लाव तुझ्या फुलांना," म्हटलं, आणि कळप बोडकाच उतरवला. गावानं टोप्या काढल्या. पाहुणे कुरकुरले.

टोप्या काढणाऱ्या त्याच हातांनी हिवाळ्यात माझं कुरण क्विरिनच्या भाच्याला दिलं.

यंदा तोच कळप त्याच्यामागून फुलं लेवून आला. पुढे बँड, दुतर्फा टाळ्या. मी दारात उभी राहून गायी बघत होते. एकेकीचं तोंड ओळखते मी. जूनमध्ये वर गेलेल्यांतल्या दोन नव्हत्या.

मी रस्त्याच्या मधोमध गेले, टोपी काढली आणि घसा फोडून ओरडले, "झेंटा! ग्लोरी!"

बँड थांबला. क्विरिन शिव्या देत धावत आला. दोन्ही बाजूंना सगळं गाव उभं होतं, आणि एकाचाही हात टोपीकडे गेला नाही.