कान तेवढा राहिला

तितियाचा रोजचा नेम साधा होता. सकाळी कारंज्यावरून पाणी आणलं की डोक्यावर पदर घ्यायचा, कोनाड्यातल्या कुलदेवांना मीठ घातलेलं पीठ वाहायचं, मद्याचे चार थेंब सांडायचे. मग देवांशेजारी ठेवलेल्या सासऱ्यांच्या संगमरवरी मस्तकाला रोजमेरीचा हार. सासऱ्यांचं नाव लूपुस. ते गेल्यावर तिच्या नवऱ्याने, वारेनुसने, ते मस्तक घडवलं होतं, आणि खेचराने चावलेला उजवा कान वरून दुमडलेला होता तसाच दुमडलेला ठेवला होता. आईविना सासरी आलेल्या तितियाला हा नेम लूपुसनीच शिकवला. नेम चुकला तरी देव रागावत नाहीत, पण आपलं माणूस वाट बघत राहतं, असं ते म्हणायचे.

त्या वर्षी सम्राट फार भराभर बदलले. ओस्तिया बंदराच्या चौकातल्या सम्राटाच्या पुतळ्याचं चिलखती धड कायमचं होतं. मानेच्या खोबणीतून डोकं उचलायचं आणि नवं बसवायचं. लढायांमुळे लूनाच्या संगमरवराच्या खाणीकडून दगडाची गलबतं येईनाशी झाली, तेव्हा वारेनुस जुनंच डोकं तासून नवा सम्राट काढू लागला. दरवेळी डोकं लहान होई.

आणखी एका सेनापतीला सैन्याने सम्राट केलं, तेव्हा नगरसभेच्या मुनातियुसने निरोप धाडला की निष्ठेच्या शपथेच्या दिवसाआधी डोकं बसलं पाहिजे, आणि ते नव्या दगडाचं हवं. आधीच्याचं लिंबू झालंय. शपथेला ढिले पडणारे वैरी धरले जातील, हेही सांगितलं. सम्राटाला कोणी पाहिलं नव्हतं. हाताशी होतं एक नाणं, त्यावर एका बाजूने दिसणारा चेहरा.

वारेनुस जेवता जेवता कोनाड्याकडे बघत राहिला. बाबांचा दगड चांगला आहे, म्हणाला. आयुष्यभर ते, दगड वाया घालवू नकोस, हेच सांगत आले, ते नाही रागावायचे. तितियाने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी मुनातियुसचा माणूस दारात येऊन उभा राहिला, तेव्हा तिने स्वतःच मस्तक उतरवलं आणि लोकरीत गुंडाळून नवऱ्याच्या हाती दिलं.

वारेनुसने केस शिपायासारखे बारीक केले, गालांवर टोचे मारून खुरटी दाढी उमटवली, कपाळाला आठ्या पाडल्या. कानाला हात लावला नाही. तो तासायला गेलं की तुटतो, म्हणाला, आणि सम्राटाचा कान कोण बघतं?

तितिया बघत होती. रोज सकाळी ती हार घेऊन चौकात जाऊ लागली. कारंज्यावर धोब्याची बायको कास्सिया सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गं, सम्राट तुझा कोण लागतो? आमची पण ओळख करून दे की. जकात तरी माफ करून घेऊ." तितिया नुसती हसली. एकदा मुनातियुसने भर चौकात तिच्या निष्ठेचे गोडवे गायले. तिने मान खाली घातली, पण तिला ते थोडं आवडलंही होतं.

द्राक्षं उतरली आणि बातमी आली, सम्राटाला त्याच्याच शिपायांनी मारलं. त्याचं नाव पुसा, तोंड फोडा, असा हुकूम निघाला. काल पुतळ्यापुढे वाकणारा मुनातियुस आज मोगरी घेऊन उभा होता. त्याने विचारलं, ती रोज हार घालणारी बाई कुठंय?

लोकांनी वाट करून दिली. तितियाने वारेनुसकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. खरं सांगावं तर नवऱ्याने नगरसभेला घरातला दगड नवा म्हणून खपवला हे उघडं पडणार. गप्प राहावं तर ती मेलेल्या सम्राटाची माणूस ठरणार.

"कोणासाठी घालत होतीस?" मुनातियुसने विचारलं.

"भीतीपोटी घालत होते," तितिया म्हणाली. "माझा कोणी लागत नाही तो."

असं म्हणून तिने कानांवर हात ठेवले. मग मुनातियुसने मोगरी तिच्याच हातात दिली. पहिला घाव नाकावर बसला. मागून कोणी शाबासकी दिली, कोणी माशांची आतडी फेकली. कास्सिया मात्र हसली नाही. तिची नजर त्या दुमडलेल्या कानावर होती. लूपुसना ती ओळखत होती. ती घागर उचलून निघून गेली.

गलबत अजूनही आलं नव्हतं, आणि नव्या सम्राटाचं नाव तर आलं होतं. मुनातियुसने वारेनुसला बाजूला घेऊन विचारलं, यातून आणखी एक तोंड निघेल का? निघेल, वारेनुस म्हणाला.

हातगाडीवरून मस्तक घरी आलं. कामाच्या ओट्यावर ते ठेवून वारेनुस भिंतीकडे तोंड करून बसला. "तूच धू," म्हणाला. "माझ्याच्यानं नाही होत."

तितियाने पाणी आणलं. नाक गेलं होतं, ओठ फुटला होता. तिने चिकटलेले माशांचे खवले काढले, आठ्यांमधली घाण बोटाने काढली. कान अख्खा होता, वरून दुमडलेला. सकाळीच सवयीने विणलेला हार टोपलीत पडून होता. तो तिने उचलला, दोन पावलं पुढे आली. बाबा, एवढंच म्हणायचं होतं.

कान तिच्याकडे होता. चौकातलं तिचं बोलणंही याच कानाने ऐकलं होतं. पूजेला डोक्यावर घ्यायचा तो पदर तिने हनुवटीपर्यंत ओढून घेतला, आणि हार हातात धरून तशीच उभी राहिली.