ढब्बूची आडकाठी

ढब्बू घरात आली त्या दिवसापासून माझा तिच्यावर संशय होता. कुत्रीवर कसला संशय, असं कोणी म्हणेल. पण मी भावाच्या खोलीत पाऊल टाकलं रे टाकलं, की निवांत पडलेली ही बया उठायची आणि त्याच्या चाकाच्या खुर्चीच्या आणि माझ्यामध्ये आडवी उभी राहायची. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, नुसती वाट अडवायची. प्लंबर येऊन गेला तरी ढिम्म हलली नाही. मी मात्र चोर!

भाऊ सैन्यात होता. सुरुंगाच्या स्फोटात दोन्ही पाय गुडघ्यापासून गेले, तेव्हापासून त्याचं सगळं मीच करते. पडलेली वस्तू उचलून द्यायला, गर्दीत कोणाला अंगावर येऊ न द्यायला जखमी सैनिकांच्या पुनर्वसन केंद्राने त्याला ही शिकवलेली कुत्री दिली. काही दिवस घरात ठेवून बघायची, घरच्यांची तक्रार असेल तर परत.

त्यात ती केंद्राची ट्रेनर. ती आली की दोघांची कुजबुज सुरू, आणि मी दारात दिसले की दोघं गप्प. एकदा कानावर पडलं, "ताईंना सांगून टाका ना." काय सांगून टाका? पाणी कुठेतरी मुरत होतं. ही पोरगी कुत्रीला माझ्याविरुद्ध शिकवतेय, उद्या भावालाही केंद्राच्या वसतिगृहात नेईल, असं माझ्या मनाने घेतलं.

शेवटी मी तिला बोलावून तोंडावर सांगितलं, "घेऊन जा हे ध्यान. तुमच्या शिकवण्यातच खोट आहे."

भावाचा चेहरा पडला. "ताई, ती गेली तर मी बाहेर कसा पडू?"

"मी मेले का?" म्हणत मी त्याच्या खुर्चीमागे गेले. ढब्बू उठली, वळसा घालून आमच्यामध्ये घुसली.

"बघा! बघा हिचे प्रताप!"

ट्रेनर कुत्रीकडे बघतच नव्हती. ती भावाच्या हाताकडे बघत होती. मीही वाकून पाहिलं. त्याची दोन बोटं मांडीवर टेकलेली होती.

"ताई, ती आपल्या मनाने करत नाही हे," ट्रेनर हळूच म्हणाली. "कोणी नकोसं जवळ आलं, तर करायची खूण आहे ती."

"नकोसं? मी?"

"तू मागून येतेस, ताई," भाऊ म्हणाला. "न विचारता खुर्ची ढकलतेस, मला उचलतेस. धडकी भरते मला. पण तू एवढं करतेस, तुला कुठल्या तोंडाने सांगू? ढब्बूला सांगणं सोपं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्यासाठी हाडाची काडं केली, त्यालाच मी नकोशी! तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि एक पातेलं दाणकन आपटलं. आतून त्याच्या खुर्चीची चाकं खाडकन मागे सरकल्याचा आवाज आला.

दुसरं पातेलं हातातच राहिलं. मी परत गेले आणि त्याला समोरून दिसेन अशी दारात थांबले.

"आत येऊ?"

तो लगेच हो म्हणाला नाही. त्याला विचार करावा लागत होता. माझा जीव तुटत होता, पण मी बाहेरच उभी राहिले.