एकाच तेलात

वन्संची गाडी दोरीला बांधून आणली तेव्हा त्या स्वतः स्टिअरिंगवर होत्या आणि पुढच्या टेम्पोवाल्याला खिडकीतून झापत होत्या. "अरे, हळू ओढ! गाडी आहे, रेडा नाही!" टेम्पोवाला हसत होता. मला हसू आलं नाही. वन्संची गाडी बंद म्हणजे वन्सं बंद.

लहानपणीच्या तापात त्यांचा डावा पाय गेला. दिसायला आहे, पण जोर लावायच्या कामाचा नाही. म्हणून ती ऑटोमॅटिक गाडी, माझ्या लग्नाच्याही आधीची, चौघं बसले तर चौघांनी आळीपाळीने श्वास घ्यावा एवढी छोटी. क्लचचं पेडलच नाही, त्यामुळे डाव्या पायाला काम नाही. तिच्यात बसून वन्सं घरोघर फिरायच्या, अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. दवाखान्याची फिरती नर्स. कोणत्या घरात म्हाताऱ्याला पाणी विचारत नाहीत हे त्यांना ठाऊक असायचं आणि त्या ते तोंडावर बोलायच्याही. घरचे त्यांना टरकून असायचे. म्हातारे मात्र सकाळपासून हॉर्नकडे कान लावून पडायचे.

आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ. बाजारात यांना गिअरमास्तर म्हणतात. वन्सं ठोंब्या म्हणतात.

यांच्या गॅरेजच्या शेडमध्ये गाडी आली तशी फुकटची अक्कल वाटायला चार जण जमले. सगळ्यांचं एकच: ऑटोमॅटिक काढून भंगारात घाल, साधा गिअरबॉक्स बसव. या धंद्यात सगळे तेच करतात आणि वर त्याला दुरुस्ती म्हणतात.

"बसव की साधा," वन्सं म्हणाल्या. "आणि क्लच दाबायला पाय कुठल्या दुकानात मिळतो तेही सांग. डावा हवाय."

चौघांनी चपलांकडे बघितलं. हे म्हणाले, "ताई, मी उघडतो. आतला एकेक दात नवा करून देतो."

आता त्या शेडबद्दल सांगायला हवं. ती मुळात दोघांची. एक हे, दुसरा इंजिनवाला. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, एका डब्यात जेवले. मग पाटी रंगवायची वेळ आली. 'इंजिन आणि गिअर' लिहायचं की 'गिअर आणि इंजिन', यावरून जे पेटलं ते विझलंच नाही. मधे पत्र्याची भिंत आली, दारावर दोन पाट्या आल्या. भिंत छतापर्यंत नाही, त्यामुळे याचा खोकला त्याला ऐकू जातो आणि त्याची शिंक याला. पण बोलणं नाही. केस पिकलेल्या दोन माणसांनी पोरांनाही शोभणार नाही असा हट्ट धरला, आणि आम्ही बायकांनी 'पुरुषांचं असतंच तसं' म्हणून तो पोसला.

आणि ही गाडी कशी, तर वर इंजिन, त्याच्या पोटाखाली गिअरबॉक्स, दोघांना तेल एकच. जे इंजिनात फिरतं तेच खाली गिअरमध्ये उतरतं. त्या तेलाच्या दाबानेच आतले पट्टे आवळले जातात आणि गाडी गिअर बदलते.

यांनी चेनकप्पी लावून तो सगळा गोळा बाहेर काढला. गिअरबॉक्स सोडवून घेतला आणि इंजिन न उघडता तसंच लाकडी ठोकळ्यांवर ठेवून दिलं. काम मात्र असं केलं की बघत राहावं. पट्टे जळून कोळसा झाले होते, नवे शोधून आणले. क्लचच्या प्लेटा बसवण्याआधी तेलात बुडवून ठेवल्या, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच झटक्यात जळतात म्हणून. तेलाच्या वाटा बदलणारा भाग तर माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर खोलला. पांढऱ्या चादरीवर इवल्या स्प्रिंगा, गोळ्या, दट्टे. मी भांडी न्हाणीघरात घासली. कुणी जोरात शिंकायचं नाही असा हुकूम होता.

चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, धुवायला मी घेतलं होतं. तळाशी काळा गाळ होता, आणि गाळात चकचकीत, तांबूस काहीतरी.

"अहो, हा तांबूस चुरा कसला?"

"गिअरमधल्या बुशचा असेल. खालचाच."

पलीकडची हातोडी थांबली. आणि भिंतीवरून इंजिनवाल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बुशचा नाही तो. वरचा, इंजिनातल्या क्रँकच्या बेअरिंगचा आहे. तिथून तेलाचा दाब गळतोय. तुझे पट्टे आपोआप जळाले नाहीत रे, तेलावाचून उपाशी मेले. इंजिन उघड, नाहीतर नवेही मरतील."

हे उठले आणि ग्राइंडर चालू केला. घासायला समोर काहीही नव्हतं. नुसताच फिरवत उभे राहिले.

संध्याकाळी मी वन्संना सांगितलं. त्या तडक आल्या. "ठोंब्या, बोलावू का त्याला? मी बोलावते. तुझं नाक मी पदराखाली झाकून ठेवीन."

"ताई, इंजिन घड्याळासारखं चालत होतं. मी बत्तीस दातांचं चाक नुसतं बोट फिरवून ओळखतो. तुझा माझ्यावर भरवसा नाही?"

वन्सं जगाला सुनवायच्या, पण हा त्यांनी कडेवर खेळवलेला भाऊ. त्याचा चेहरा बघून त्या मऊ पडल्या. "आहे रे," म्हणाल्या. "बसव." तेवढं एकदा त्यांनी ऐकवायला हवं होतं. तिथे नेमकी त्यांची जीभ प्रेमात अडकली.

गाडी तयार झाली तेव्हा मी मागच्या सीटवर होते. वन्संनी गिअरची दांडी पुढे केली, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पहिला, दुसरा, तिसरा, कधी बदलले कळलं नाही. "ठोंब्या, पायाचे पैसे वाचले की रे!" वन्सं ओरडल्या. यांचे डोळे भरून आले. पलीकडच्या दारात इंजिनवाला उभा होता. हे त्याच्याकडे बघून हसले. ते हसू मला अजून सलतं.

थंडी सरेपर्यंत गाडी चालली. मग चढावर, ऐन वर्दळीत, इंजिन गुरगुरत राहिलं आणि गाडी मागे घसरायला लागली. वन्संनी हातब्रेक ओढला म्हणून मागचा स्कूटरवाला वाचला. चढाच्या वरच्या घरात एक बाई जखम उघडी ठेवून वाट बघत पडलेली. लोकांनी हॉर्न वाजवले, एकाने "चालवता येत नाही तर घरी बसा" असंही ऐकवलं. वन्सं पिशवी घेऊन तो चढ भिंतीला धरत चढल्या. पट्टी बदलली. मग तिथेच पायरीवर बसल्या आणि त्यांना उठता येईना.

पहिल्या वेळी दवाखान्याने सांभाळून घेतलं होतं. या वेळी तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, रुग्णांना भरवशाचं माणूस लागतं. भरवशाचं! फेऱ्या एका तरण्या मुलीला दिल्या आणि वन्संना कोठारात बसवलं, कापसाचे गठ्ठे मोजायला. तिथे कुणाला झापायची सोय नाही. कापूस उलटून बोलत नाही.

यांनी चेंबर उघडलं. तांबूस चुरा, मूठभर. नवे पट्टे काळे ठिक्कर. हे उठले. मग हात पुसून भिंतीला वळसा घालून गेले. मी कान देऊन उभी होते. यांचं एक वाक्य ऐकू आलं, "इंजिन उघडून दे." आणि त्याचं एक, "आण इकडे." टोमणा नाही, काही नाही. दोघांनी मिळून काम केलं. क्रँक घासला, बेअरिंग नवी, पट्टे पुन्हा नवे. वरातीमागून घोडं, पण घोडं अस्सल होतं.

गाडी घेऊन आम्ही तिघं वन्संच्या दारात गेलो. इंजिनवाला मागे, टोपी हातात धरून.

"ताई, आता हिला काही होणार नाही. इंजिनही केलंय. बस, चालव."

वन्संनी गाडीभोवती एक फेरी मारली. टपावर हात फिरवला. "कुठे जाऊ?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"अरे, चालवते. पण कुठे जाऊ? माझ्या म्हाताऱ्यांकडे ती पोरगी जाते. कोठार इथून हाकेवर आहे."

हे म्हणाले, "आपण तिघं जाऊ, दवाखान्यात बोलू, मी पाया पडतो." इंजिनवाला म्हणाला, "चूक माझीही आहे, ताई, मी भिंत ओलांडून यायला हवं होतं." वन्संनी दोघांकडे बघितलं, लहान मुलं भांडून रडत आली की बघतात तसं.

"ती पोरगी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "हात हलका आहे तिचा. तिच्या पोटावर मी पाय देऊ? माझ्याकडे तर एकच आहे."

त्या हसल्या. आम्ही कुणी हसलो नाही. मग दार उघडून बाजूच्या सीटवर बसल्या. "चल, सोड मला कामावर. एवढी केलीस तर चार चाकं फिरू देत."

आता रोज सकाळी हे त्यांना सोडतात. हाकेवरचं अंतर, गाडी तिसऱ्या गिअरपर्यंतही पोचत नाही.