तडकलेल्या काचेवरचं टिंब

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी बॅटरी दुपारीच मान टाकते, काच तडकलेली आहे, आणि हल्ली मला कुठेही ठेवा, चैन म्हणून पडत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका वायरमननी मला आपल्या बायकोसाठी घेतलं. काय कौतुक झालं तेव्हा माझं! मऊ फडक्याने पुसणं काय, नवं कव्हर काय! काम मात्र साधं होतं. खांबावरून खाली आले की ते एकच शब्द पाठवायचे, "उतरलो." तो वाचला की बाईंचा जीव भांड्यात पडायचा.

एके सकाळी "उतरलो" आलंच नाही. कॉल आला, तोही परक्या माणसाचा. ऐकता ऐकता मी बाईंच्या हातून फरशीवर पडलो.

काही दिवसांनी बाईंनी माझ्यावरूनच नवऱ्याचा फोटो सोशल मीडियावर टाकला आणि भरल्या डोळ्यांनी दोन ओळी लिहिल्या. लोकांना दिसलं ते असं: "त्याचा आवाज अजून घरात आहे. त्याची वाट बघायची सवय जात नाही."

झालं! "नवऱ्याला अरे-तुरे? गेल्यावर तरी मान द्या!" "खांबावर चढताना सेफ्टी बेल्ट लावला नसेल, या लोकांचं नेहमीचंच." कुणी बाईंची बाजू घेतली, "जरा मन असू द्या," आणि लगेच समोरच्याची अक्कल काढली. दिवसभर मी थरथरत होतो. गेलेला माणूस राहिला बाजूलाच. मला भयंकर राग आला, पण मला मेल्याला स्वतःचं तोंड कुठे आहे?

संध्याकाळी नणंदबाई आल्या, त्या तणतणतच. "वहिनी, अगं जन्मभर 'अहो'शिवाय दादाला हाक मारली नाहीस, आणि आता चारचौघांत असं लिहितेस?"

"मी 'त्यांचा'च लिहिलं होतं गं!"

"मग माझे डोळे फुटलेत का? आण इकडे, मीच नीट करते."

अनुस्वाराचं बटण नेमकं तडा गेलेल्या कोपऱ्यात. नणंदबाईंनी ते दाबलं, पुन्हा दाबलं, नखाने टोचलं. टिंब काही उमटेना.

"वहिनी, ही काच कधी फुटली?"

"तो कॉल आला ना, तेव्हा."

नणंदबाईंनी मला बाजूला ठेवलं. वहिनीला कवटाळून खूप रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी स्वतःचा फोन काढला. "सांग, काय लिहू? एकेकाची हजेरी घेते."

"लोकांना काही नको. नुसतं 'त्यांचा' लिही. तेवढं टिंब दे."

अजूनही मी थरथरलो की बाई हातातलं काम टाकून धावत येतात. मला फार अपराधी वाटतं.

मित्रांनो, मी पडलो फोन. बोटं ठेवून घेणं हाच माझा धंदा. पण कुणाच्या दुःखातल्या चुकीवर बोट ठेवण्याआधी एवढं जरूर विचारा: काच कधी फुटली?