गुरुवारचा निर्जळी उपास

मला उपास झेपत नाही. संकष्टीला आईच्या वाटणीची साबुदाण्याची खिचडी खाऊन मी वर वरणभातही जेवते, आणि दिल्लीत करोल बागेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गाझियाबादच्या टोकाला एक घर असं होतं, जिथे मी दर गुरुवारी पाण्याचा थेंबही न घेणारी बाई म्हणून ओळखली जात होते.

ते घर अलकनंदाजींचं. मूळच्या गढवालच्या, वय पन्नाशीचं. मुलगा कारखान्यात, सून घरात आणि अंगणात हातपंप. आजूबाजूची चार कुटुंबं त्यावरच पाणी भरायची. आमची संशोधन संस्था एका सरकारी खात्याबरोबर तिथे काम करत होती. चाळीस हातपंपांचं पाणी तपासायचं आणि लोकांना पाण्याची, सरकारी कामांची माहिती कुठून मिळते ते विचारून घ्यायचं, असा प्रकल्प. कुणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून अहवालात वस्तीला 'वस्ती ब' म्हणायचं ठरलं आणि पंपांना नंबर दिले. अलकनंदाजींच्या पंपावर मीच सतरा नंबरचा लाल स्टिकर लावला.

संमतीपत्रातलं एक वाक्य मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं, "नतीजे आपको बताए जाएँगे." त्यांनी मान डोलावली आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत पूर्ण नाव लिहिलं. मग चहा केला. मी दोन कप प्यायले आणि आमच्याकडे असा आल्याचा चहा कुणाला जमत नाही म्हणून कौतुकही केलं. निघताना त्यांच्या हातात आमचं पत्रक ठेवलं. त्यावर जाड अक्षरात लिहिलं होतं, पानी उबालकर पिएँ.

प्रयोगशाळेचे निकाल आले ते एका गुरुवारी सकाळी. मी मेट्रोत होते, अलकनंदाजींच्याच वस्तीत निघालेली. मोबाईलवर तक्ता उघडला आणि सतरा नंबर शोधला. नायट्रेट मर्यादेच्या तिप्पट. मोठ्या माणसांना त्याचं लगेच काही होत नाही. पण तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध त्या पाण्यात कालवलं, तर त्याच्या रक्ताला प्राणवायू पुरत नाही आणि ओठ निळे पडतात. मला हे कुठे शोधावं लागलं नाही. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यावरच आहे.

आणि अलकनंदाजींच्या सुनेला नववा महिना लागला होता.

मी दिनकर सरांना फोन केला. ते आमचे प्रकल्पप्रमुख, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "नीरजा, अभी नहीं यार. खात्याची मंजुरी येईपर्यंत कुणालाही काही सांगायचं नाही. उद्या त्यांनी परमिशन काढून घेतली तर बाकीच्या वस्त्यांचं काम बंद पडेल. बिल्कुल थांब." मी म्हटलं, ठीक आहे सर. इतक्या पटकन म्हटलं, की माझं मलाच नवल वाटायला हवं होतं.

त्या दिवशी माझ्या प्रश्नावलीत प्रश्न होता, तुम्हाला तुमच्या पाण्याबद्दल माहिती कुठून मिळते? अलकनंदाजी हसून म्हणाल्या, "और कहाँ से? आपसे." मी रकान्यात 'इतर' वर खूण केली. तेवढ्यात त्यांनी चहा आणून पुढ्यात ठेवला.

"आज मेरा व्रत है," मी म्हणाले.

"चाय तो चलती है ना?"

आपल्याकडे उपासाला चहा चालतो, चालतो काय, धावतो. पण मी म्हणाले, "निर्जला है. पानी भी नहीं."

त्यांनी ताबडतोब कप उचलला. माझ्यासमोर चहाचा वाससुद्धा नको, म्हणून आत नेऊन ठेवला. निघताना संध्याकाळी सोडायला म्हणून दोन केळी दिली. मी ती घेतली. पंपाजवळून जाताना दिसलं, माझा लाल स्टिकर त्यांनी धुऊनपुसून लख्ख ठेवला होता.

घरी आईने विचारलं, "केळी कुठून आणलीस?"

"एका बाईंनी दिली. उपास सोडायला."

"कुणाचा उपास?"

"माझा."

आई इतकी हसली, की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग मी तिला सगळं सांगितलं, आणि तिचं हसू गेलं.

"आणि तू सांगितलंस ना त्यांना?"

"सरांनी थांबायला सांगितलंय, आई."

"अच्छा. आणि चहा नको म्हणायलाही सरांनीच सांगितलं होतं?"

मी खोलीत जाऊन दार लावलं आणि आईवर चिडले, कारण स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोपं होतं. मनाची समजूतही घातली. बाळ आईच्याच दुधावर राहील. मंजुरी महिन्याभरात येईल. शिकलेल्या माणसाला अशी कारणं लवकर सुचतात.

मंजुरी आली नाही. पुढच्या अडीच महिन्यांत मी तिथे आणखी दोनदा गेले, आणि आता आमचा फील्डचा वार गुरुवारच ठरल्यामुळे दोन्ही वेळा उपास आयता चालून आला. त्यातल्या पहिल्या खेपेला तर अलकनंदाजी शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, "मैडम का व्रत बड़ा कड़ा है." शेजारणीने मला नमस्कार केला. मी तो घेतला. त्या नमस्काराची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा बाळ सहा आठवड्यांचं झालं होतं. नाव समर्थ. सून त्याला बाटलीने दूध पाजत होती. भिंतीवर आमचं पत्रक चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवलेलं होतं.

"माँ का दूध कम पड़ता है," अलकनंदाजी म्हणाल्या. "पर मैं पानी पूरे बीस मिनट उबालती हूँ. आपके काग़ज़ में लिखा है."

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. आमचंच पत्रक वाचून त्या हे रोज करत होत्या.

त्या पुढे म्हणाल्या, "आज मैंने भी आपके साथ व्रत रखा है. निर्जला. चार दिन से बच्चा सुस्त है. डॉक्टर कहता है ठंड लगी है. मैंने सोचा, आपका व्रत इतना सच्चा है, मैं भी रखूँ तो बच्चा ठीक हो जाएगा."

मी बाळाजवळ जाऊन त्याचं टोपडं मागे केलं. ओठांचा रंग जांभळा, राखेसारखा. मी सुनेच्या हातातली बाटली अक्षरशः हिसकावून घेतली.

"ये पानी ख़राब है. उबालने से भी नहीं जाता. अभी अस्पताल चलिए, अभी."

रिक्षात मी डॉक्टरांसाठी मोबाईलवरचा तक्ता उघडून ठेवला होता. अलकनंदाजींनी तो पाहिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. सतराच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी वरच्या कोपऱ्यातली तारीख वाचली.

"ये तो मार्च की है."

"जी."

"मार्च से पता था?"

"जी."

त्यांनी बाळाचं टोपडं नीट केलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तो वो व्रत?"

मी म्हणाले, "नहीं था." त्या दिवसातलं ते माझं दुसरं खरं वाक्य होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्यापासून थोडं सरकून बसल्या. त्या रिक्षात सरकायला जागाही नव्हती.

बाळ वाचलं. इंजेक्शन दिलं, प्राणवायू लावला आणि तिसऱ्या दिवशी ते घरी आलं. मी मंजुरीची वाट न बघता चाळीसही घरी जाऊन त्यांच्या त्यांच्या पंपाचा निकाल हिंदीत लिहून दिला. दिनकर सरांनी मला प्रकल्पातून काढलं. त्याचं वाईट वाटलं नाही, आणि त्याने माझी लाजही कमी झाली नाही. ते चाळीस कागद मार्चमध्ये एका दुपारी लिहून झाले असते.

सतरा नंबरचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. अंगणात पंपाचा दांडा दोरीने बांधून टाकलेला होता आणि स्टिकर खरवडून काढलेला होता. दारात विकतच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन होता. चुलीवर चहा उकळत होता, आल्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. अलकनंदाजींनी माझ्या हातातला कागद घेतला, पूर्ण वाचला, घडी घालून डब्याखाली ठेवला. समर्थ सुनेच्या मांडीवर जागा होता, ओठ गुलाबी.

"बैठिए," त्या म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी चहा गाळला. एक कप सुनेला दिला, एक स्वतःला घेतला. मला त्या घरचा चहा इतका हवासा कधीच वाटला नव्हता. त्यांनी फुंकर घालून एक घोट घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"आपसे नहीं पूछूँगी," त्या म्हणाल्या. "आज गुरुवार है."