कोंबडा गेल्यानंतरची अंडी

म्हातारीने गोधडीखालून एक अंडं काढलं, डावा डोळा मिटला आणि अंडं पापणीवर टेकवून थांबली. ते परत ठेवून चाचपत दुसरं काढलं. तेही टेकवलं.

"सार अजून थोडं," ती म्हणाली.

लानयिंगने मक्याची धाटं चुलीत सारली. धूर कांगच्या पोटातून फिरून पलीकडच्या भिंतीतून वर गेला. विटांच्या त्या पलंगाचा चुलीकडचा भाग सगळ्यात ऊबदार. तिथे तिचा नवरा युनशान झोपायचा. आता तिथे भुशावर अंडी मांडलेली होती आणि वर त्याचीच गोधडी होती.

युनशानला खाणीतून फळीवर घालून आणलं होतं. पुरायला नेताना शवपेटीवर घरचा तांबडा कोंबडा पाय बांधून बसवला, पुढची वाट दाखवायला. विधी आटोपल्यावर तो सांगणाऱ्या माणसाने रिवाजाप्रमाणे कोंबडा काखेत मारून आपल्या घरी नेला. घरात तेवढा एकच कोंबडा होता. दुसऱ्या दिवसापासून म्हातारी आपल्या कोंबड्यांची अंडी बाजूला ठेवू लागली, मिळतील त्या क्रमाने. पुरेशी झाल्यावर ती तिने त्याच क्रमाने कांगवर मांडली.

शेजारची चांगकाकू नेहमीसारखी दार ढकलून आत आली. तिने खिशातून दोन अंडी काढून चुलीच्या कडेला ठेवली आणि कांगकडे बघून मान हलवली.

"युनशानच्या आई, तुमची कमाल आहे. कोंबडा गेला आणि तुम्ही अंडी उबवताय! माझी घ्या म्हटलं तर नको. माझा कोंबडा धडधाकट आहे, दिवसभर त्याला दुसरं कामच नाही."

"तुझी खायला चांगली आहेत."

"आणि ही? ही रिकामी निघतील सगळी."

"कोंबडीच्या पोटात बीज टिकतं थोडे दिवस," म्हातारी म्हणाली. "तो गेला म्हणून लगेच संपत नाही."

चांगकाकूची नजर लानयिंगच्या पोटाकडे गेली आणि घाईने चुलीकडे वळली.

"हो, तेही खरंच म्हणा."

लानयिंगने राख पुढे ओढली. ती नजर तिला नवी नव्हती. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पण शेवटच्या वेळी खाणीवर जाण्याआधी युनशान बरेच दिवस घरी होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. म्हातारीने तोंडाने कधी विचारलं नाही. ती फक्त रोज सकाळी लाल साखरेच्या उकळत्या पाण्यात अंडं फोडून सोडायची आणि वाडगा लानयिंगसमोर ठेवायची.

"तुझ्यापुरतं म्हणत नाही मी," ती म्हणायची. "पण खा."

लानयिंग खायची. घास गरम असायचा, एवढं कळायचं. गोड आहे हे तिला पाण्याच्या रंगावरून माहीत होतं.

अंडी कांगवर मांडायच्या आधीच तिची पाळी येऊन गेली होती. तिने कपडे धुतले आणि कोळशाच्या खोपट्यामागे, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा दोरीवर वाळत घातले. उद्या सांगू, असं ती ठरवायची. युनशान गेल्यानंतरच्या पाचव्या आठवड्याचा विधी झाला की तिचा भाऊ येणार होता. मूल असेल तर ती इथेच राहणार आणि नसेल तर त्याच्याबरोबर माहेरी जाणार, हे मोठ्या माणसांत बोलून झालं होतं. एकदा सांगितलं की तिला काय हवंय ते सगळे विचारणार. तिला काहीच हवं नव्हतं. म्हणून उद्या पुन्हा उद्यावर जायचा.

अंड्यांत शिरा धरण्याइतका वेळ गेल्यावर त्यांनी दाराला गोधडी लावून खोलीत अंधार केला. बुटांच्या खोक्याला भोक पाडून लानयिंगने आत बॅटरी ठेवली. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऊब तिची पापणी सांगायची. अंड्यात काय आहे ते लानयिंगच्या डोळ्यांनीच बघायचं होतं.

तिने पहिलं अंडं भोकावर धरलं. कवच आतून नारिंगी उजळलं. मध्ये एक गडद ठिपका होता आणि त्याच्या चारी बाजूंनी बारीक लाल शिरा फाकल्या होत्या, तांबडा कोळी पाय पसरून बसावा तशा. ठिपका हलला. थांबला. पुन्हा हलला.

"काय दिसतं?"

"शिरा आहेत."

"लाल?"

"लाल. हलतंय."

म्हातारीने श्वास सोडला. लानयिंगने ते ठेवून दुसरं घेतलं. बघणाऱ्याने खूश व्हावं असं ते दृश्य आहे, हे तिला समजत होतं. कोणीतरी दुसऱ्याला सांगितलेली बातमी शेजारून ऐकावी, तसं.

"आहे," ती म्हणत गेली. "आहे. हेही आहे."

रांगेच्या शेवटाकडे तिने एक अंडं धरलं आणि ते नुसतंच उजळलं. बलक सावलीसारखा एका बाजूला तरंगला. ठिपका नाही, शीर नाही. तिने अंडं फिरवून पुन्हा पाहिलं. हे उशिराचं होतं. कोंबडीच्या पोटातलं बीज तोवर संपलं असणार.

म्हातारी पुढे वाकली होती. तिचे पांढुरके डोळे बॅटरीच्या दिशेने उघडे होते.

"याच्यात?"

"आहे," लानयिंग म्हणाली.

त्यापुढचीही बहुतेक रिकामी होती. ती प्रत्येक वेळी तेच म्हणाली आणि अंडं गोधडीखाली परत ठेवलं. तिचा आवाज सारखाच राहिला. त्याचं तिला थोडं नवल वाटलं.

नंतरच्या दिवसांत म्हातारी चूल कमी करत गेली. पाचव्या आठवड्याच्या विधीला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा एका सकाळी लानयिंग धाटं घेऊन चुलीपाशी बसली, तर म्हातारीने हात आडवा केला.

"नको आता. मोठी झाली की ती स्वतःच तापतात. एकमेकांना पुरतात."

तिने गोधडी पूर्ण काढली आणि अंडी उघडी राहू दिली. वाफाळता वाडगा लानयिंगच्या गुडघ्याजवळ निवत होता. बऱ्याच वेळाने म्हातारीने रांगेच्या सुरुवातीपासून एकेक अंडं पापणीला लावायला घेतलं. शेवटाकडची ती घेऊ लागली तसा तिचा हात थांबत थांबत चालला. टेकवायची आणि बाजूला ठेवायची. लानयिंग बाजूला होणारा तो ढीग बघत राहिली.

"ही गार पडली," म्हातारी म्हणाली. "आत काही असतं तर इतक्यात गार झाली नसती. पहिल्यापासून रिकामीच होती ना?"

लानयिंगने ढिगातलं एक अंडं उचलून परत ठेवलं.

"सांगायचंस की. तेव्हा उकडून खाल्ली तरी असती. आता टाकायलाच लागतील."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"रिकाम्या अंड्याचं काय वाईट वाटून घ्यायचं?"

म्हातारीने शेवटचं अंडं बाजूला ठेवलं. लानयिंगने दोन्ही तळवे मांड्यांवर पालथे टाकले.

"आई," ती म्हणाली. "माझंही नाही. काही नाही."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"मला दिसत नाही, पण खोपट्यात कोळसा आणायला मागच्या बाजूने मीच जाते ना? दोरी आडवी आली. हात लावला तर ओले कपडे." म्हातारीने भुसा सारखा केला. "अंडी मांडली त्याच्याही आधीची गोष्ट."

"मग रोज हे..." लानयिंगने वाडग्याकडे पाहिलं.

"तो गेल्यापासून तू काय खात होतीस? एक घास घेऊन वाडगा खाली. तुझ्यासाठी तू खाल्लं नसतंस. मला आशा आहे असं समजून तरी खाशील, म्हटलं." ती जराशी हसली, की नुसताच खोकला होता. "चांगकाकूची अंडी महाग पडली मला. रोज तिची बडबड ऐकावी लागली."

लानयिंगने वाडगा उचलला नाही. म्हातारीनेही उचल म्हटलं नाही. तो तसाच निवाला आणि दुपारी कोंबड्यांना गेला.

विधी झाला. दुसऱ्या दिवशी भाऊ, बाओचंग, तीनचाकी गाडी घेऊन आला आणि उतरल्याबरोबर सामान कुठे आहे विचारू लागला. म्हातारीने आधीच टोपलीत भुसा पसरून त्यावर अंडी रचली होती. ती वरून जाड कापड दाबत होती.

"वाटेत मरतील ना ही, मावशी?" बाओचंग म्हणाला.

"आता नाही मरत. उलट फार तापली तर उघडायची. गारठ्याला घाबरू नका."

"तुम्हाला किती ठेवलीत?" लानयिंगने विचारलं.

"मला कशाला? एकटीला आहेत त्या कोंबड्या पुरेत."

लानयिंग खाली बसली, कापड काढलं आणि अंडी कांगवर परत ठेवू लागली. एक इकडे, एक टोपलीत. म्हातारी तिच्या हाताचा आवाज ऐकत उभी राहिली.

"आता पिल्लं फुटायला आली. कवचात एखादं अडकलं तर मला दिसायचं नाही."

"चांगकाकू बघतील."

"हो. तिला सगळं दिसतं. नको ते आधी."

बाहेर बाओचंगने इंजिन सुरू केलं. लानयिंगने दारात वाकून नमस्कार केला. म्हातारीने तिचा खांदा शोधला, तिथे काहीतरी झटकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "जा, तो डिझेल जाळतोय उगाच."

उतारावरच्या वळणानंतर गाव दिसेनासं झालं. बोडक्या टेकड्यांवरून वारा येत होता. लानयिंग टोपली मांडीवर घेऊन भावाशेजारी बसली होती आणि बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मग तिने टोपली एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने पायाशी ठेवलेलं गाठोडं उघडून आत चाचपू लागली.

"काय शोधतेस, ताई?" इंजिनाच्या आवाजावरून बाओचंग ओरडला. "राहिलं का काही?"

"नाही रे. आईंनी खायला काही बांधून दिलंय का, ते बघते."